वरच्या फळीवरचा तुकडा

कवळीला क्लबात सगळे कवळीच म्हणतात आणि तोही बिनतक्रार ओ देतो. धंदाच तसा, त्याला तो तरी काय करणार! स्टेशनरीच्या दुकानामागे एक लांबट खोली आहे, तिला खिडकी एकच, आणि तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून. तिथे बसून तो दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टर लोक माप पाठवतात, हा त्यात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात लावतो, गुलाबी हिरड्या चढवतो, चाकावर घासून चकचकीत करतो आणि डबीत घालून परत पाठवतो. कुणाच्या तोंडात काय गेलं ते त्याला कधीच कळत नाही. चारचौघांत कुणी मोकळेपणाने हसलं की हा त्याच्या चेहऱ्याकडे न बघता दातांकडे बघत बसतो, आणि मग बायको कोपराने ढोसते.

वय पन्नाशीकडे झुकलेलं, पोट सुटलेलं, सकाळी चालायला जा म्हटलं की गुडघा दुखतो. आणि हाच गृहस्थ महिन्यातून एका शनिवार-रविवारी डोक्यावर हेल्मेट चढवून, आतून पार सोलून काढलेल्या एका जुन्या छोट्या गाडीत बसून, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर क्लबातल्या मंडळींशी शर्यत लावतो! बक्षीस काय, तर पत्र्याचा पेला. तोही बऱ्याचदा दुसऱ्यालाच. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण हौसेला अक्कलही नसते हे कुणी सांगत नाही. आता खरं सांगायचं तर ही हौस मुळात त्याची नव्हतीच, नानांची होती.

नाना म्हणजे त्याचे वडील. सगळा जन्म छापखान्यात मशीन फिटर म्हणून गेला. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, बाकावर बसून जगाला नावं ठेवतात. नानांनी मुलाच्या गाडीचं इंजिन ताब्यात घेतलं. दर थंडीत ते पूर्ण सुटं करायचं, पुसायचं, मोजायचं आणि पुन्हा बांधायचं. मुलाने मध्ये हात घालायचा नाही. “तू दात बसव, मी इंजिन बसवतो,” असं एकदा ठरलं ते ठरलं.

क्लबाच्या चहाच्या खोलीत भिंतीला दोन फळ्या आहेत. कुणाचं इंजिन फुटलं की त्यातला एक तुकडा तिथे मांडायचा. चूक चालवणाऱ्याची असेल तर वरच्या फळीवर, बांधणाऱ्याची असेल तर खालच्या. ज्याची चूक त्यानेच ते इंजिन उघडायचं, त्यानेच हात काळे करायचे, दुसऱ्याने बोटसुद्धा लावायचं नाही. चौकशी नाही, साक्षीपुरावे नाहीत. ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ते मानायचं. नाना इतकी वर्षं इंजिनं बांधत आले, पण खालच्या फळीवर त्यांचा एकही तुकडा नव्हता. चहाला ते मुद्दाम त्या फळीसमोरच खुर्ची ओढायचे. म्हातारा महा बेरकी!

पण आई गेली आणि नाना हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग गॅस बंद करणं. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे होतं. एकदा गॅसवरून कवळी त्यांना जरा जोरात बोलला. चुकलंच त्याचं, पण माणूस आहे. झालं! नाना जे खोलीत गेले ते बाहेरच येईनात. पलंगाच्या काठावर पायात बूट घालून बसून राहिले, जणू कुणी न्यायला येणार आहे. दाढी नाही, धड जेवण नाही. सुनेने किती विनवण्या केल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एक दिवस कवळीने दारातूनच सांगितलं, “नाना, थंडी सुरू झाली. इंजिन काढायचं ना?” तेव्हा कुठे ते उठले, दाढी केली, आणि शेडची किल्ली मागितली. त्या दिवसापासून कवळीने मनाशी खूणगाठ बांधली की नानांना चूक म्हणून दाखवायची नाही. काही झालं तरी नाही.

आणि नेमकं तेच आडवं आलं.

इंजिनाच्या पोटात चार दांडे असतात, एकेका सिलिंडरचा एकेक. प्रत्येक दांड्याच्या खालच्या टोकाला एक टोपी, आणि ती धरून ठेवायला दोन बोल्ट. ते तीन फेऱ्यांत आवळायचे असतात. शेवटच्या फेरीला नाना मापाचा पाना लावायचे. बोल्ट हवा तेवढा घट्ट झाला की तो पाना ‘कट्’ असा आवाज करतो. कवळी शेडच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून प्लग साफ करत होता. तोंडाने काही बोलायची सोय नव्हती, पण कान उघडे होते. पहिल्या सिलिंडरचे कट् झाले, दुसऱ्याचे झाले, तिसऱ्याचे झाले. तेवढ्यात दाराशी कुणी पार्सल घेऊन आलं. नाना उठले, सही करून आले, हात पुसले, आणि खालचा ऑइलचा पॅन उचलून इंजिनावर बसवायला लागले.

“नाना, चौथ्याचं...” कवळीच्या तोंडून निघून गेलं.

“काय चौथ्याचं?” नाना वळून म्हणाले. चेहरा कसा होता सांगू? पोरसवदा. आनंदी. कित्येक महिन्यांत असा दिसला नव्हता.

“काही नाही. चौथा प्लग साफ झाला म्हटलं.”

“मग टाळ्या वाजवू का?” म्हणाले आणि लागले पॅनचे स्क्रू फिरवायला.

संपलं. तोंडाला कुलूप. गुपचूप उघडून आवळावं, तर पॅनचं सील फुटतं आणि ते नानांच्या नजरेतून सुटणार नाही. विचारावं, तर पुन्हा तो पलंगाचा काठ आणि ते बूट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग कवळीने तेच केलं जे आपण सगळे करतो. त्याने स्वतःची समजूत घातली. आपलं लक्ष नसताना नानांनी आवळले असतील. आधीच्या दोन फेऱ्या तर झाल्याच होत्या ना! नाना आहेत ते, कुणी ऐरागैरा नाही.

शनिवार सरावाचा. नाना नवी टोपी घालून आले होते. चष्मेवाली शेजारच्याच जागेत गाडी लावून होती. बाईचं चष्म्याचं दुकान आहे. बोलते कमी, चालवते बेफाम. नानांचा तिच्यावर जीव. “ही बघ,” कवळीला म्हणायचे, “ही ब्रेक कुठे मारते बघ. आणि तू? तू ब्रेक मारतोस की प्रार्थना करतोस?” कवळी हसला. हसायचं असतं म्हणून हसला. दाढ काढायच्या आधी सुई टोचली की ओठ जसा आपला राहत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. गाडीत बसला, पट्टे आवळले, चकरा मारल्या. वेगाकडे लक्ष नव्हतं, वळणाकडे नव्हतं. सगळा जीव कानात. इंजिन गात होतं. खरंच, काय गोड चाललं होतं! खाली उतरल्यावर नानांनी बॉनेटवर हात ठेवला. “काय, कसं आहे?”

“झकास,” कवळी म्हणाला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, जेवताय की नुसते चावताय? काय झालंय?” तो म्हणाला, काही नाही, दमलोय. तिने नानांकडे बघितलं. नाना बशीत चहा ओतून चष्मेवालीच्या ब्रेकचं कौतुक करत होते. तिने पुढे विचारलं नाही.

रविवारी शर्यतीत त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, हेच तर वाईट. भीती वाटली असती तर माणूस गाडी बाजूला घेतो, काहीतरी निमित्त सांगतो, पोटात दुखतंय म्हणतो. हा बाबा चालवत राहिला. मागे आरशात चष्मेवालीची निळी गाडी चिकटून होती. लांब सरळ पट्टी संपत आली तेव्हा त्याला पायाखाली एक हलकी टकटक जाणवली, दारावर कुणी बोटाने वाजवावं तशी. चौथा, असं तो स्वतःशी म्हणाला. पाय उचलायच्या आतच धाडकन आवाज झाला. दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, काचेपुढे पांढरा धूर, आणि सगळं ऑइल रस्त्यावर. गाडी स्वतःभोवती फिरली आणि गवतात जाऊन उभी राहिली. धुरातून त्याने निळी गाडी ऑइलवरून घसरत जाताना पाहिली. ती आडवी झाली, सरकत सरकत टायरांच्या भिंतीपर्यंत गेली, आणि भिंतीला नाक लागायच्या जरा अलीकडे थांबली. चष्मेवाली उतरली आणि हेल्मेट काढून तिथेच खाली बसली. तिने हात वर करून दाखवला, म्हणजे ठीक आहे. यानेही हात वर केला. दुसऱ्याच कुणाचा तरी हात असल्यासारखा तो वर गेला.

दोर बांधून गाडी ओढत आणली. नाना फडकं घेऊन उभेच होते. भोवती सगळा क्लब जमलेला, सेक्रेटरी पुढे.

“काय झालं?” नानांनी विचारलं.

हे उत्तर त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. पण आलं मात्र असं सुरळीत, जसं काही पाठच केलंय. “गिअर चुकला. चौथ्यातून तिसऱ्यात घ्यायला गेलो आणि दुसरा पडला.”

एवढ्या वेगात दुसरा गिअर पडला तर इंजिन जिवापलीकडे फिरतं आणि फुटतं. चालवणाऱ्याची याहून बावळट चूक नाही. जमलेल्यांतून एक हळहळ निघाली. आणि नाना? नाना सुटले!

“दुसरा? अरे, दुसरा? घोड्या, केस पांढरे झाले तुझे आणि तुला तिसरा कुठला, दुसरा कुठला कळत नाही? मी इथे थंडीत बोटं मोडून घेतो आणि हा राजा जाऊन दुसऱ्यात टाकतो! गिअर आहे तो, लोणी काढायची रवी नाही, वाट्टेल तशी घुसळायला! ती बिचारी मरता मरता वाचली तुझ्या ऑइलवर!” असं बरंच काही. सेक्रेटरी मध्ये पडायला बघत होता, पण नानांनी त्यालाही झाडलं. आणि कवळी मान खाली घालून उभा. आवाज खणखणीत, एक शब्द अडला नाही, एक गोष्ट विसरली नाही. पूर्वीचे नाना. ते ऐकताना त्याला बरं वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही.

“वरची फळी?” सेक्रेटरीने नियमाप्रमाणे विचारलं.

“वरची,” कवळी म्हणाला.

त्यामुळे इंजिन उघडायचं काम त्याच्याच वाट्याला आलं. नाना तर म्हणाले, “मला दाखवूसुद्धा नकोस ते,” आणि चहाला निघून गेले. गाडीखाली आडवं पडून त्याने पॅन सोडला. काळ्या ऑइलात फुटके तुकडे होते, आणि त्यांच्यात एक बोल्ट. न तुटलेला, न ताणलेला, आटे जसेच्या तसे. इंजिन जिवापलीकडे फिरून फुटतं तेव्हा बोल्ट तुटतो. अख्खा बोल्ट सापडला तर त्याचा अर्थ एकच, तो सैल होता आणि फिरत फिरत निघाला. कवळीने तो पुसून खिशात टाकला, दांड्याचा वाकडा तुकडा नेऊन वरच्या फळीवर ठेवला, आणि चहा घेतला. चहा गरम होता एवढंच कळलं.

पुढचा आठवडा कसा गेला ते त्याला विचारू नका. सोमवारी त्याने बोल्ट लॅबच्या खणात, जुन्या साच्यांच्या मागे टाकला. एका डॉक्टरांचा फोन आला, “अहो, डावीकडची दाढ उजवीकडे बसवलीय तुम्ही. पेशंटने चावायचं कसं?” त्याने माफी मागितली आणि पुन्हा तीच चूक केली. घरी नाना त्याच्याशी बोलत नव्हते, पण सुनेशी भरभरून बोलत होते, दोन वेळ नीट जेवत होते, रोज दाढी करत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आपण केलं ते बरोबरच केलं, असं कवळी स्वतःला सांगत राहिला. शिवाय नानांना आता कुणाचंच इंजिन बांधायचं नव्हतं, म्हणजे धोकाही संपला होता.

रविवारी सकाळी तो खाली आला तर शेडचं दार सताड उघडं. आत चष्मेवाली उभी, तिच्या गाडीचं इंजिन स्टँडवर चढवलेलं, आणि नाना बाह्या वर करून तयार.

“ये,” नाना म्हणाले. आठवड्याने पहिला शब्द. “तुझ्यासाठी काही मी आता बांधणार नाही, ते विसर. पण हिचं इंजिन मी घेतलंय. हिच्या हातात माझ्या कामाचं चीज होईल.”

“नाना स्वतः म्हणाले, मी कशाला नाही म्हणू?” चष्मेवाली म्हणाली. जरा संकोचली होती. “तुम्हाला चालेल ना?”

कवळीला ती टायरांच्या भिंतीपाशी खाली बसलेली दिसली. त्याने दाराची चौकट धरली.

“नाही चालणार,” तो म्हणाला. “नाना, माझा गिअर चुकला नव्हता.”

“म्हणजे?”

“चौथ्या सिलिंडरचे बोल्ट. मापाचा पाना तुम्ही तिसऱ्यापर्यंतच लावलात. मग पार्सलवाला आला.”

“काहीतरी बोलू नकोस!” नाना ओरडले. मग थांबले. फिटर माणूस, प्रश्न एकच येणार. “बोल्ट कुठाय?”

“लॅबमध्ये. खणात.”

“तुटला होता?”

“नाही. अख्खा.”

नानांनी हातातला पाना स्टँडवर ठेवला. अख्खा म्हटल्यावर त्यांना आणखी काही सांगायची गरज नव्हती. चष्मेवाली खाली फरशीकडे बघत राहिली. कवळी वाट बघत होता. आता ते खोलीत जातील, आता बूट घालून पलंगाच्या काठावर बसतील.

“तुला कधी कळलं?” नानांनी विचारलं.

“इथेच. मी त्या स्टुलावर होतो. कट् ऐकू आला नाही.”

“इथेच,” नाना म्हणाले. “म्हणजे शनिवारी तुला माहीत होतं. रविवारी माहीत होतं. आणि तू त्यात बसलास?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं. मागच्या वेळी गॅसवरून...”

“अरे, रुसलो असतो मी! म्हातारी माणसं रुसतात. चार दिवस जेवलो नसतो, आठ दिवस जेवलो नसतो. मी रुसलो असतो आणि तू मेला असतास, गाढवा! हे कुठलं गणित?” त्यांचा आवाज फाटला. “ही पोरगी मेली असती. तुझ्या आईला मी वर जाऊन काय सांगणार होतो, की त्याने माझा मान राखला?”



नाना चष्मेवालीकडे वळले. “बाई, तुझं इंजिन घेऊन जा. दुसऱ्या कुणाकडून बांधून घे. मी आता बांधत नाही.” एवढं त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, दुकान आज बंद आहे असं सांगावं तसं. ती काही बोलणार होती, पण त्यांनी हात वर केला. मग ते कवळीजवळ आले. त्यांनी त्याच्या मानेला मागून हात लावला, खांदे दाबून पाहिले, दोन्ही दंडांवरून, कोपरांवरून बोटं फिरवली. लहानपणी हा सायकलवरून पडायचा तेव्हा करायचे अगदी तसंच.

“लागलं का रे कुठे?” त्यांनी विचारलं. “त्या दिवशी विचारलंच नाही मी. नुसता ओरडत सुटलो.”

“नाही नाना, कुठे नाही लागलं,” कवळी म्हणाला, आणि चष्मेवालीच्या देखत, शेडच्या दारात, मोठ्याने रडायला लागला. नाना तरीही त्याचा एकेक हात उलटसुलट करून बघत होते.